टीव्हीवर गेलेला माझा जुळा

मित्रांनो, मी एक जुने लाकडी धनुष्य आहे, आणि गेली कित्येक वर्षे मी माझ्याच जुळ्या भावावर जळत आलो आहे.

अमेरिकेतल्या अर्कान्सासच्या डोंगरात बोडार्क नावाचे पिवळ्या, चिवट लाकडाचे झाड होते. ऑर्विल टॅकेट या म्हाताऱ्या कारागिराने त्याचा एक ओंडका उभा चिरला आणि दोन्ही फाळक्यांतून आम्ही दोघे घडलो. शेजारच्या प्रुइट घरातल्या भावाबहिणीसाठी त्याने आम्हाला बनवले होते. भाऊ वेंडल मोठा, म्हणून त्याने आधी निवडले. माझ्या वरच्या टोकाजवळ एक गाठ होती. वेंडलने मला उचलले, गाठीवरून अंगठा फिरवला आणि परत ठेवून दिले. मग लिओटाने मला घेतले. माझ्या मत्सराचा जन्म त्या क्षणीचा.

लिओटा शाळेची बस चालवायची. नेम मात्र असा, की वाऱ्याने हलणारे अक्रोडही ती फांदीवरून उडवी. एकदा टीव्ही स्टेशनचा एक माणूस गावात आला. त्याला शिकारीचा कार्यक्रम सुरू करायचा होता, तोही बंदुकीचा नव्हे, साध्या लाकडी धनुष्याचा. भावाबहिणीने त्याच्यासमोर बाण मारले. लिओटाचे सगळे मधोमध लागले. वेंडलचे आजूबाजूला.

तरी तो माणूस म्हणाला, "बाई, नेम तुमचा झकास आहे. पण आमचा जाहिरातदार शिकारीचे बूट विकतो. त्याला दाढीवाला हवाय."

"मग बोकड घेऊन जा," लिओटा म्हणाली.

त्याने वेंडलला नेले. वेंडलबरोबर माझा भाऊही गेला.

तेव्हापासून दर शनिवारी संध्याकाळी लिओटाच्या बैठकीत अर्धे गाव जमे. ऑर्फा ही शेजारीण परातभर मक्याच्या लाह्या आणी. टीव्हीशेजारच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर मी टांगलेला असे. त्यामुळे पाहुण्यांची तोंडे माझ्या दिशेला, पण नजरा पडद्यावर. पडद्यावर माझा भाऊ बर्फात, होडीत, अलास्काच्या नदीकाठी. वेंडलने त्याला 'गोल्डी' नाव दिले होते. गावातली पोरे झाडाच्या फांद्या वाकवून खेळत आणि त्यांनाही गोल्डी म्हणत. मला नाव नव्हते. मी रानटर्की मारली, ससे मारले, हिवाळ्यात घराला हरणाचे मटण दिले. ते खाऊन लोक ढेकर देत आणि विचारत, "आज गोल्डीने काय मारलं असेल गं?"

लिओटा मात्र पडद्यावरच्या वेंडलला सोडत नसे. "अरे कोपर पडलंय तुझं! त्या हरणाला आजोबा होऊ देतोस का आता?" लोक पोट धरून हसत. मला वाटते, बरेच जण तिचे शेरे ऐकायलाच येत.

काही वर्षांनी पानगळीच्या दिवसांत वेंडल कॅमेरावाल्याला घेऊन गावी आला. शिकार आमच्याच डोंगरात व्हायची होती. पण वेंडलला त्या वेळी धनुर्धाऱ्यांची एक विचित्र व्याधी जडली होती. नेम धरण्याआधीच बोटे आपोआप दोरी सोडून देत. हरणे समोर यायची आणि बाण मातीत जायचा. शेवटी तो लिओटाच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. तिने वाढलेला घेवडा त्याने चिवडत ठेवला.

"या वेळी जमलं नाही तर कार्यक्रम बंद करणार आहेत," तो म्हणाला. "लिओटा, तू झुडपामागून मार. मी पुढे उभा राहतो."

"आणि नाव?"

वेंडलने ताट बाजूला सारले.

"आई असती तर तिने आधी तुझ्या थोबाडीत दिली असती," लिओटा म्हणाली. "आणि मग मलाच पाठवलं असतं. जेव आता."

दुसऱ्या सकाळी ती मला घेऊन देवदाराच्या झुडपामागे गुडघे टेकून बसली. पुढे कॅमेऱ्यासमोर वेंडल उभा होता, हातात गोल्डी. ओढ्यापलीकडून शिंगांचे मोठे झाड मिरवत एक नर आला. वेंडलने दोरी ताणल्याचे सोंग केले. लिओटाने मला खरेच ताणले, इतके की माझी गाठ करकरली. बाण सुटला, ओढा ओलांडून गेला आणि हरीण जागच्या जागी कोसळले. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुंदर बाण होता. कॅमेरावाला धावत आला आणि त्याने जवळून चित्र घेतले. माझ्या भावाचे.

त्या शनिवारी बैठकीत टाळ्यांचा कडकडाट झाला. ऑर्फाने विचारले, "लिओटा, आज शेरा नाही?"

"आज चूक सापडली नाही," ती म्हणाली, आणि लाह्या खात राहिली.

तिला तेवढे पुरले. मला पुरले नाही. मी भिंतीवर लटकून धुमसत होतो.

पुढे कार्यक्रम संपला. कप्प्यांची, तारांची यंत्रासारखी धनुष्ये आली. लिओटाचा खांदा दुखू लागला, तशी माझी रवानगी मागच्या छपरीत झाली. तिथे उंदरांनी माझ्या मुठीवरचे कातडे कुरतडले. गोल्डी मात्र शिकारी मंडळाच्या दिवाणखान्यात काचेच्या पेटीत जाऊन बसला. म्हातारे झालेले प्रेक्षक ओढ्याकाठच्या त्या शिकारीची जुनी चित्रफीत फोनवर पुन्हा पुन्हा बघत आणि डोळे पुसत. "तो काळच वेगळा होता," म्हणत. बाण माझा आणि अश्रू त्याच्यासाठी!

मंडळाने एकदा जुन्या प्रेक्षकांचा मेळावा ठेवला. वेंडल काठी टेकत आधी लिओटाच्या छपरीत आला आणि मला काखेत मारून सभेला घेऊन गेला. चित्रफीत संपल्यावर त्याने मला वर धरले. "तो बाण या धनुष्यातून सुटला. मारला माझ्या बहिणीने. मी नुसता उभा होतो."

 मागून एक टोपीवाला ओरडला, "म्हणजे आमचं लहानपण खोटं का?"

लिओटा उठली. "बाण खरा होता, बाबा. हरीणही खरं होतं. मी खाल्लंय."

आधी कोणीतरी हसले, मग सगळेच हसले. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी मलाही पेटीत मानाने ठेवायचे ठरवले. मित्रांनो, माझे लाकूड मोहरून आले! काच उघडली. इतक्या वर्षांनी मी भावाच्या शेजारी आलो.

तेवढ्यात लिओटा म्हणाली, "याची दोरी कधीपासून चढवून ठेवलीय?"

"पहिल्या दिवसापासून," अध्यक्षबाई म्हणाल्या. "तसं छान दिसतं ना."

लिओटाने गोल्डीला बाहेर घेतले, गुडघ्यावर दाबून जपून दोरी उतरवली. तो सरळ झालाच नाही. वाकलेलाच राहिला. त्याच्या पोटावर बारीक भेगा पडल्या होत्या. एकदा जरी ताणला असता तरी दोन तुकडे झाले असते. छपरीत का होईना, मला मात्र तिने नेहमी दोरी उतरवूनच टांगले होते. म्हणून मी अजून सरळ होतो.

तेव्हा माझी एक विनंती ऐका. काम संपले की धनुष्याची दोरी उतरवा. लाकडाला थोडे तेल द्या. दिसायला छान म्हणून कोणालाही जन्मभर ताणून ठेवू नका, वस्तूला नाही आणि माणसालाही नाही.

वेंडल खुर्चीत बसून त्या वाकड्या गोल्डीला मांडीवर घेऊन रडू लागला. लिओटाने भावाच्या खांद्यावर हात ठेवला. सारी सभा त्यांच्याभोवती गोळा झाली. मी पेटीत एकटाच होतो, सरळ आणि धडधाकट. आणि खरे सांगतो मित्रांनो, तेव्हाही मी त्याच्यावर जळलो.