आईच्या वजनाची बॅग

"काय उचलायचंय म्हणालात?" दुकानदाराने पुन्हा विचारलं.

"आई," ती म्हणाली.

दुकानदार हसला नाही, हा त्याचा चांगुलपणा. आरशासमोर डंबेल्स हातात घेऊन स्वतःचे दंड निरखणारे दोघे जण मात्र फिस्सकन हसले. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. हसणाऱ्यांची तिला लहानपणापासून सवय होती.

तिच्या अंगकाठीकडे बघून दुकानदाराने आधी पाच किलोची गुलाबी बॅग पुढे केली होती. मग दहाची. ती नुसती मान हलवत राहिली, तेव्हा त्याने फळीवरून एक मोठी, घट्ट शिवलेली, सहा ठिकाणी कड्या लावलेली बॅग ओढून काढली. आत वाळूच्या लहान लहान पिशव्या भरायच्या आणि घरच्या घरी व्यायाम करायचा, अशी ती सोय होती.

"ही सगळ्यात जास्त खपते. कुठूनही धरा, हात बसतो."

"कड्या नकोत. आईला कड्या नाहीत."

"बरं."

"आणि एवढी ताठही नको. मधे लोंबली पाहिजे. वरून धरली की बूड खाली गेलं पाहिजे."

दुकानदार एके काळी वजनं उचलून पदकं मिळवलेला माणूस. आता एका गुडघ्यावर पट्टा बांधून लंगडत होता. त्याने डोकं खाजवलं आणि आतल्या खोलीतून धूळ खात पडलेली एक ढगळ बॅग फरफटत आणली. "ही घेतात आणि आठवड्यात परत आणून देतात. वाळू आत पळते. उचलायला गेलं की अंगावर येते. व्यायाम राहतो बाजूला, नुसतं भांडण होतं हिच्याशी."

"हीच द्या," ती म्हणाली.

"वजन किती भरायचं?"

"बावन्न."

"आणि तुमचं स्वतःचं?"

"शेहेचाळीस."

आरशासमोरचे दोघे या वेळी हसले नाहीत. दुकानदाराने मात्र तिला बाजूला घेऊन दोन गोष्टी शिकवल्या. गुडघ्यात वाकून, पाठ सरळ ठेवून, मिठी मारून उचलायचं. आणि चालायचं असेल तर पाठीवर घ्यायचं. "आधी थोड्या पिशव्या घाला, मग वाढवत न्या. आणि एक लक्षात ठेवा. अंगाशी धरलं की जड कमी लागतं. लांब धरलं की मेलात."

ती घरातली थोरली, पण नाव पडलं होतं बारकी. हे नाव आईनेच ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने नव्हतं. गल्लीतल्या लाँड्रीत मागच्या खोलीत बसून ती लोकांची तुटलेली बटणं लावायची, उसवलेल्या शिवणी घालायची. तुटलेलं बटण लावून मिळालं म्हणून कोणी शिवणारीचं नाव विचारत नाही. लग्न झालं नाही. वडील गेले, धाकटा भाऊ शिकून मोठ्या पगाराला लागला, शहराच्या दुसऱ्या टोकाला त्याने घर केलं. आणि आई हिच्याकडे राहिली, म्हणजे ठेवली गेली. मग आईची एक बाजू लुळी पडली. दुसऱ्या हाताची पकड मात्र कपड्याच्या चिमट्यासारखी घट्ट होती, आणि तोंडाला तर काहीच झालं नव्हतं.

मग एका सकाळी पलंगावरून खुर्चीत बसवताना आई तिच्या हातून निसटली. हाड मोडलं नाही, पण मांडी काळीनिळी झाली. भाऊ धावत आला. येताना हातात फळं नव्हती, निर्णय होता.

"ताई, तुझ्याच्याने होत नाही आता. एक संस्था बघून ठेवली आहे मी. चोवीस तास माणसं असतात."

ती ती संस्था बघून आली. खुर्च्यांना बांधून ठेवलेली म्हातारी माणसं, ओल्या कपड्यांचा वास, आणि दाराकडे लागलेले सगळ्यांचे डोळे. आपलं माणूस आलं की काय, म्हणून प्रत्येकाने तिच्याकडे बघितलं. आई कशीही असली तरी तिला त्या रांगेत बसू द्यायचं नाही, हे तिने ठरवूनच टाकलं.

"मी उचलून दाखवते," तिने आईच्या देखतच भावाला फोनवर सांगितलं. "एकटीने. तुझ्यासमोर."

"उचललंस तर राहू दे," भाऊ म्हणाला. "मी कशाला नाही म्हणू?"

म्हणून ती बॅग. दुकानाच्या माणसाने ती खोलीत आणून टाकली तेव्हा आईने पलंगावरून मान वर केली.

"हे काय? प्रेत आणलंस का कोणाचं?"

"सराव करायला आणलंय, आई. तुला नीट उचलता यावं म्हणून."

आईने बॅगेकडे बराच वेळ बघितलं. "म्हणजे ही मी."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. जिवंतपणी पोतं केलंस माझं. वा."

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी बारकी बॅगेला मिठी मारायची आणि आई बघत पडून राहायची. वाळू कधी डावीकडे पळायची, कधी खाली बसायची. कधी बॅग तिला घेऊनच जमिनीवर यायची, आणि मग आईच्या हसण्याने खोली भरून जायची.

"तिला बरी कवटाळतेस," आई म्हणायची. "नवऱ्याच्या वाट्याची मिठी पोत्याला मिळाली. नशीब पोत्याचं."

बारकी बॅगेला हात घालायची. पाठ सरळ, गुडघे वाकलेले, पुन्हा.

"मुलगा असताना मी लेकीच्या घरात कुजत पडलेय. तो नेईल मला. त्याची बायको नाटकी आहे, तिच्यामुळे थांबलाय बिचारा."

संस्थेचं नाव आईपुढे कोणी काढलं नव्हतं. भावाने काढलं नाही, कारण त्याला रडारड नको होती. बारकीने काढलं नाही, कारण तशी वेळच येऊ द्यायची नव्हती.

पिशव्या वाढत गेल्या. तिचे दंड दुखायचे, लाँड्रीत सुईत दोरा ओवताना बोटं थरथरायची. मालकाने विचारलं, "दारूबिरू लागली की काय?" तिनेही हसून घेतलं. आई जेवताना मुद्दाम एक घास जास्त मागायची. "तू वाळू घाल, मी अन्न घालते. बघू कोण हरतं." हे ती गमतीने म्हणते असं बारकी स्वतःला समजावत राहिली. एका घरात राहायचं तर काहीतरी समजूत घालून घ्यावीच लागते.

पण एक दिवस जमलं. सगळ्या पिशव्या भरलेली बॅग तिने पलंगावरून उचलली आणि खुर्चीत ठेवली, आपटली नाही. त्याच सकाळी तिने आईसमोर गुडघे वाकवले. आईचा चांगला हात आपल्या मानेभोवती घेतला, तिला छातीशी धरलं, उचललं, वळली, आणि खुर्चीत बसवलं. एवढंच. कुठे धक्का नाही, कुठे कण्हणं नाही.

आईने चांगल्या हाताने खुर्चीची गादी चाचपली. मग म्हणाली, "गादी वाकडी आहे खुर्चीची."

बारकीला आयुष्यात कोणी बक्षीस दिलं नव्हतं. तिने हीच तक्रार बक्षीस म्हणून घेतली आणि दिवसभर लाँड्रीत बटणं लावताना गालातल्या गालात हसत बसली. त्यानंतर रोज ती आईला असंच उचलू लागली. एकदाही चूक झाली नाही.

ठरल्या सुट्टीच्या दिवशी भाऊ आला, बायकोला घेऊन आला. भावजय दाराजवळच्या खुर्चीच्या काठावर बसली, आणि पर्स मांडीवरून खाली ठेवेना.

"राजा, बारीक झालास रे," आई म्हणाली. तो चांगला गरगरीत होता.

"हं, ताई," भाऊ म्हणाला. "कर मग सुरुवात."

तिने हात पुसले. गुडघे वाकवले. "आई, मानेला धर." आईने हात टाकला. तिने आईला छातीशी धरलं आणि उचललं, आणि पलंग सुटल्याबरोबर मानेवरचा हात निघून गेला. आईचं डोकं मागे पडलं, पाय मुडपले, सगळं अंग सैल झालं आणि हातांतून खाली ओघळायला लागलं. बारकीने तोल सावरला, आईला सोडलं नाही. तिला मिठीत घेऊनच ती हळूहळू जमिनीवर बसली. आईला ओरखडासुद्धा आला नाही. पण दोघी जमिनीवर होत्या.

"अगं बाई गं!" भावजय ओरडली.

"पाडलं!" आई किंचाळली. "पुन्हा पाडलं मला! राजा, हिच्या हातात नको रे मला ठेवूस. मारेल ही एक दिवस."

"पाडलं नाही मी," बारकी म्हणाली. तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. "रोज उचलते. आज हिला भीती वाटली असेल, म्हणून हात सुटला. पुन्हा करून दाखवते."

"राहू दे, ताई."

आईला कशीबशी पलंगावर निजवल्यावर भाऊ तिला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "खोली ठरवली आहे तिकडे. संस्थेची गाडी येईलच एवढ्यात."

"आधीच बोलावलीस?"

"मला खात्री होती ना."

"आणि मी उचललं असतं तर?"

नळ गळत होता, तो भावाने घट्ट केला. "उचललं नाहीस ना पण."

तिला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. एवढे दिवस कमावलेला दंड त्या एका कामाला नक्की पुरला असता. तिने विचारलं, "आईला सांगितलंस?"

"तिला वाटतंय आमच्याकडे चाललीय. वाटू दे. तिकडे गेली की रुळेल हळूहळू."

ती बाहेर आली ती आईला सगळं सांगायला. आई भावजयीकडून केस विंचरून घेत होती. चेहरा इतका फुलला होता, की बारकीने तो तसा कधी पाहिलाच नव्हता.

"माझी चांगली शाल काढ," आई म्हणाली. "तिकडे चार लोकांची ये-जा असते. आणि तुझं ते पोतं आता विकून टाक."

बारकीने शाल काढून दिली.

संस्थेची पांढरी गाडी आली, पण तिच्यासोबत ड्रायव्हर एकटाच. इमारतीला लिफ्ट नाही, हे त्याला कोणी कळवलं नव्हतं. "उचलायची माणसं तिकडे असतात," तो दारात उभा राहून म्हणाला, "माझं काम गाडी चालव—" आणि भाऊ मोठ्यांदा खोकला. भावाची कंबर धरलेली होती. ती अशा वेळी धरतेच. भावजयीने आपल्या चपलांच्या टाचांकडे बघितलं. मग सगळ्यांनी बारकीकडे बघितलं.

ती पलंगापाशी पाठ करून वाकली. ड्रायव्हरने आईला तिच्या पाठीवर दिलं, तिने आईचे पाय धरले आणि उभी राहिली. आईचा चांगला हात तिच्या गळ्याभोवती आला आणि घट्ट बसला. आई पाठीला चिकटून होती. जड अशी लागतच नव्हती.

भाऊ सामान घेऊन पुढे गेला. जिन्यात दोघीच उरल्या.

"रागावू नकोस गं," आई तिच्या कानाशी म्हणाली. कित्येक वर्षांत ती इतक्या मऊ आवाजात बोलली नव्हती. "मघाशी मीच अंग सोडलं. मुद्दाम. तू उचललं असतंस तर त्याने नेलं नसतं मला."

बारकीचा पाय पायरीवर थांबला.

"तू छान उचलतेस. रोजच छान उचलायचीस," आई म्हणाली. "पण शेवटी मुलाच्या घरी जायचं असतं बाई."

जिन्याच्या वळणावर खिडकी होती, उजेड होता. मागे वळून पाच-सात पायऱ्या चढल्या की घर. ती आईला घेऊन वर जाऊ शकत होती, दाराला आतून कडी घालू शकत होती, भाऊ खाली बोंबलत बसला असता. तेवढं बळ तिच्या पायांत होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आणि नुसतं एक वाक्य बोलली असती, तरी आईनेच तिच्या पाठीवर आकांत केला असता. ते वाक्य तिच्या जिभेवर आलं. पण तिला मघाचं ते किंचाळणं आठवलं, आणि छातीत इतका संताप उसळला की तिची तिलाच भीती वाटली. दुसऱ्याच क्षणी आईच्या केसांना लावलेल्या तेलाचा वास आला आणि रडू आलं. न बोलणं ही आता दया होती की सूड, हे तिला सांगता आलं नसतं. दोन्ही होतं.

"काय गं, थांबलीस? झेपत नाही ना?" आईने लगेच टोचलं.

"झेपतंय," बारकी म्हणाली. "मान नीट धर. वळण आहे."

ती एकेक पायरी उतरत गेली. पाठ सरळ, गुडघे वाकलेले. खाली तिने आईला गाडीत बसवलं, पट्टा लावला, शाल सारखी केली. आईने काचेतून मुलाला हुकूम सोडला, "राजा, तू पुढे हो. आम्ही तुझ्या मागोमाग येतो."

"हो, आई," भाऊ म्हणाला.

तो बायकोला घेऊन आपल्या गाडीत बसला. दोन्ही गाड्या एकामागोमाग रस्त्याला लागल्या. बारकी इमारतीच्या दारात उभी होती. चौकात भावाची गाडी उजवीकडे वळली. पांढरी गाडी डावीकडे. मागच्या काचेतून आईचं डोकं दिसत होतं. ते उजवीकडे वळलं आणि तसंच राहिलं.