घमेल्यातलं पाणी

माघातल्या थंडीत सहादूचे पाय बधिर पडायचे. पाथर्डीजवळच्या वस्तीवर यंदा तो आणि विमलबाई दोघंच होती. मुलगा आदिनाथ बायकोला घेऊन ऊसतोडीला गेला होता. सहादूला दहा वर्षांपासून शुगर. गोळ्या चालू होत्या, पण त्याचे पाय कधी कुणी तपासले नव्हते.

एका सकाळी विमलबाईनं चुलीवर पाणी तापवलं आणि घमेल्यात ओतून त्याचे दोन्ही पाय त्यात ठेवले.

"लई कढत न्हाई ना?"

"कोमटबी लागंना. अजून वत."

तिनं पातेलं रिकामं केलं. त्याला बरं वाटावं म्हणून अर्धा तास शेजारी बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी तळव्यांना फोड आले. दुखत नव्हते, म्हणून दोघांनी मनावर घेतलं नाही. तिनं हळद लावली. उजवा पाय हळूहळू सुकला, डावा चिघळला. घरात वास सुटला तेव्हा शेजारच्या बिभीषणनं जीपमध्ये घालून त्यांना नगरच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी पाय पाहिला. "शुगरनं पायाची जाणीव जाते, आजोबा. भाजलं तरी कळत नाही. पाय शेकायचे नसतात. पाणी आधी दुसऱ्यानं हात घालून बघायचं. एवढं गरम पाणी घेतलं कुणी?"

विमलबाई सांगायला पुढं झाली.

"मीच," सहादू म्हणाला. "ही शेळ्या घेऊन गेल्ती."

चौथ्या दिवशी डावा पाय गुडघ्याखाली कापला.

आदिनाथचा फोन आला, तेव्हा विमलबाईनं त्याला खरं सांगून टाकलं. "मीच भाजलं रे तुझ्या आबाला." तो एवढंच म्हणाला, "जेवलीस का, आये?" तेव्हा तिला रडू फुटलं.

संध्याकाळी तिनं सहादूला विचारलं, "खोटं का बोललात?"

"त्या बाई तुला बोलल्या असत्या. तुला म्हाईत असतं तर वतलं असतंस का?"

तिनं त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

घरी आल्यापासून ती रोज सकाळी त्याचा उजवा पाय मांडीवर घेते. तळवा बघते, बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करते. परवा टाचेला बारीक चीर दिसली.

"दुखतंय का हो?"

"मला न्हाई कळत, विमल. तुलाच बघावं लागंल."

तिनं पाय उजेडाकडं वळवला आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.