उलट्या प्रश्नचिन्हाची वही

“भंडाऱ्याला इचारायचं न्हाई. त्यो देवाचा हाय. कपाळाला लावायचा, चिमूटभर जिभेवर ठेवायचा आन् गप बसायचं.”

हा नियम तात्याबांनी त्यांच्या नातीला, क्रांतीला, ती चार वर्षांची असताना शिकवला. मला तो शिकवायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मी बोलतेय. मी क्रांतीची कॉलेजची वही. पानं दोनशे होती, आता एक कमी आहे. ते कुठं गेलं, तेच सांगायचंय.

सांगलीत, विश्रामबागेतल्या एका दुकानात मी प्लास्टिकमध्ये गुदमरून पडले होते. क्रांतीनं मला बाहेर काढलं, शेवटच्या पानावर पेनानं रेघ मारली आणि शाई मागं फुटते का ते पाहिलं. दुकानदार चिडला. “आधी घ्या, मग लिहा!” “आधी बघते, मग घेते,” ती म्हणाली. मला ती तिथंच आवडली.

तिनं माझे चार भाग केले. गुणवत्ता नियंत्रण, वाचनकौशल्य, धर्म आणि स्पॅनिश. मैत्रिणी हसायच्या, “अगं, कॉलेज करतेस की भेळ?” भेळ तर भेळ. पहिल्या भागात पहिलंच वाक्य आहे, ‘नमुना तपासल्याशिवाय सही करू नये.’ दुसऱ्यात, ‘मोठी अक्षरं डोळ्यांत भरतात. बारीक अक्षरं आधी वाचा.’ धर्माच्या बाईंनी एक प्रश्न दिला होता, ‘श्रद्धा आणि सवय यांतला फरक स्वतःच्या घरातल्या उदाहरणानं सांगा.’ त्याखालची जागा बरेच दिवस कोरीच होती.

स्पॅनिशचा भाग मात्र माझा लाडका. त्या भाषेत प्रश्नचिन्ह वाक्याच्या आधीही येतं आणि तेही डोक्यावर उभं राहून. क्रांतीला त्याचं वेडच लागलं. माझ्या सगळ्या समासांत तिनं ते काढून ठेवलं. ¿ ¿ ¿. तुम्ही माणसं प्रश्न शेवटी विचारता, तोही कुणी रागावणार नाही याची खात्री करून. हे चिन्ह आधीच सांगून टाकतं, सावध राहा, मी विचारणार आहे.

जत्रेला आठ दिवस असताना आम्ही कोरेगावजवळच्या तिच्या गावी गेलो. पडवीत जत्रेत विकायच्या भंडाऱ्याच्या पुड्या बांधायचं काम चाललं होतं. तात्याबांनी पुड्यांवर लावायच्या चिठ्ठीचा नमुना पुढं केला. ‘शुद्ध हळदीचा भंडारा. तपासणी : कु. क्रांती, क्वालिटी कंट्रोल, सांगली.’ खाली सहीला जागा.

“सही ठोक. छापायला धाडायचं हाय.”

“आवं तात्या, मी कुठं तपासलाय?”

“देवाचं काय तपासतीस? आन् माल घरचाच हाय.”

पुड्या बांधणाऱ्या हरणाबाई काकी मनगट खाजवत पुटपुटल्या, “घरची हळद व्हती तवा न्हाई बया खाजायचं.”

क्रांतीनं कोपऱ्यातलं पोतं फिरवलं. मोठ्या अक्षरांत ‘पिवळी पावडर’. खाली शिवणीजवळ, बारीक अक्षरांत, ‘फक्त रांगोळीसाठी. खाऊ नये.’

तिनं माझं एक पान फाडलं आणि त्यात चमचाभर भंडारा बांधला. दुखलं. पण इतक्या चांगल्या कामासाठी याआधी मला कुणी फाडलं नव्हतं.

तीन दिवसांनी, सांगलीला परतल्यावर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्या भंडाऱ्यावर आम्लाचे थेंब पडले. तो गुलाबी झाला. खरी हळदही होते, पण पाणी घातलं की तिचा तो रंग जातो. याचा गेला नाही. क्रांतीनं तीन वेळा तपासलं, मग माझ्यात लिहिलं, ‘कृत्रिम रंग. नापास.’

गावी परतल्यावर तिनं ते पान पडवीत मोठ्यानं वाचलं. काकींचा हात पुडीवरच थांबला. फौजेतून निवृत्त झालेले नाथाजीकाका म्हणाले, “सगळीच करत्यात गं. तूच एकटी शहाणी व्हय?” तात्याबा उठून उभे राहिले.

“सही करायची न्हाई तर शिकलीस कशाला?”

“कुठं करायची न्हाई, तेच शिकले.”

“मग सांगली बंद! आन् ही वही बंबात घाल.”

घाला. मी जळेन, पाणी तापेल, त्या पाण्यानं आंघोळही कराल. पण पोत्यावरची बारीक अक्षरं त्यानं धुऊन जाणार नाहीत. ज्यांच्या घरी असा भंडारा येतो, त्यांना एवढंच सांगते. देवाला हात जोडा, आणि पोतं फिरवून बघा.

मी आणखी एक पाहिलं होतं. रोज सकाळी तात्याबा तो भंडारा कपाळाला लावायचे, पण जिभेवर ठेवायच्या वेळी त्यांचा हात धोतराला पुसला जायचा. क्रांतीनंही ते पाहिलं होतं. धर्माच्या प्रश्नाखालच्या कोऱ्या जागेत तिनं आता तेच लिहिलं. मग पुढं एक उलटं प्रश्नचिन्ह काढलं, एक पुडी सोडली आणि चिमूट तात्याबांच्या तोंडाजवळ नेली.

“मी सही करणार न्हाई. पण तुमी म्हणता ना, देवाचा हाय? मग आधी तुमी ठेवा जिभेवर.”

तात्याबांनी ओठ घट्ट मिटले. नाथाजीकाकांनी मान खाली घातली. हरणाबाई काकींनी हातातली पुडी खाली ठेवली.