पोत्याला गुडघे नसतात

लाल रबरी टोपी – बॅटरीच्या प्लसच्या टोकावर बसवायची, अंगठ्याएवढी – नेव्हिलने बोटात घालून पाहिली, काढली, पुन्हा घातली. बोटाला ती शोभत होती. बॅटरी मात्र गॅरेजच्या जमिनीवर जुन्या टॉवेलवर बसून होती, दवाखान्यात नंबर यायची वाट बघणाऱ्या म्हाताऱ्यासारखी. आणि वर तिची जागा तयार होती – डाव्या सीटवर बसणाऱ्याच्या पायांवर, डॅशबोर्डाखाली, त्याने स्वतःच्या हाताने वाकवलेली, कडा घासघासून गुळगुळीत केलेली ॲल्युमिनियमची फळी. एवढं एक काम उरलं होतं. ते झालं की गाडी ही गाडी होणार होती. तोवर ती महागड्या चाकांची एक लांबट हिरवी बादली होती.

जागा उगाच ठरली नव्हती. मागे ठेवावी तर शेजारी पेट्रोलची टाकी, आणि एक ठिणगी म्हणजे... एक्झॉस्टजवळ ठेवावी तर उकडून निघणार. पुढे नाकात ठेवावी तर कुणाला धडकलो की पहिली ओळख तिचीच. शेजारचा ग्लिन, ज्याने अशा दोन गाड्या घरी बांधल्या होत्या आणि त्यातली एक उजवीकडे वळत नाही म्हणून विकली होती, म्हणाला होता, “कुठेही ठेव, दोन दिवसांनी वाटतंच की दुसरीकडे ठेवायला हवी होती. लग्नासारखं आहे ते.” ग्लिनची लग्नं तीन, गाड्या दोन; म्हणून नेव्हिलने त्याचं म्हणणं बॅटरीपुरतं थोडं कमी धरलं होतं.

शिवाय वजन. नेव्हिल उजवीकडे बसणार, आणि नेव्हिल म्हणजे काही कमी नाही, तेव्हा डावीकडे भार हवा. मार्चमध्ये त्याने गल्लीतल्या घराघरांतून वजनकाटे मागून आणले, चारही चाकांखाली फळ्या टाकून मांडले. (त्या आठवड्यात गल्लीत कुणाचंच वजन वाढलं नाही.) बायकोच्या, हिलरीच्या जागी बागेच्या खतमातीची तीन पोती ठेवली – तिच्या वजनाची, अंदाजाने, विचारायची हिंमत नव्हती – आणि ती घसरू नयेत म्हणून सीटबेल्ट लावला. मग ती तिथेच राहिली. उचलायचा कंटाळा, हे एक, आणि दुसरं... संध्याकाळी स्टिअरिंग धरून बसलं की बरं वाटायचं शेजारी कुणीतरी असलेलं. तो त्यांना घाट दाखवायचा, वळण आलं की सांगायचा. पोत्यांनी कधी घाबरून दाराची कड धरली नाही.

आणि हिलरी बार्मथला येणार होती, समुद्रावर, येत्या शनिवारी. तिने कबूल केलं होतं. “बसेन. एकदा. जिवंत राहिले तर पुढचं बघू.” बार्मथलाच, लग्नाआधी, दगडी पायऱ्यांवरून ती पडली होती, डावा गुडघा फुटला होता, आणि त्याने तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं होतं, वाटेत ती त्याच्या कानात सगळा वेळ शिव्या देत होती, आणि तेव्हाच त्याचं ठरलं होतं.

“चहा,” हिलरी म्हणाली. दोन मग घेऊन ती गॅरेजच्या दारात उभी. तिने डाव्या सीटकडे पाहिलं. “ही कोण?”

“तू.”

ती दोन पावलं आत आली. “पट्टा लावलायस.”

“हो.”

“मला कधी लावला नाहीस.” तिने दोन्ही मग खाली ठेवले. “काढ तिला. मला बसू दे.”

पोती निघाली. हिलरी आत उतरली, पाय लांब केले – आणि टण् असा आवाज झाला. मोठा नाही. चमचा पातेल्याला लागावा एवढा.

“नेव्हिल,” ती शांतपणे म्हणाली, “गुडघे कुठे ठेवू?”

तो वाकला. फळी तिच्या पायांवर टेकली होती, आणि तिचा एक बोल्ट – टोक खाली, कारण स्पॅनर तसाच बसत होता – बरोबर डाव्या गुडघ्याच्या जुन्या व्रणावर. वर यायचं होतं चौदा किलो शिसं आणि तेजाब. गाडी कुठे आपटली तर... त्याने पुढचं मनात आणलं नाही. ते आपणहून आलं.

“पोत्याला गुडघे नसतात,” तो म्हणाला.

“आलंय लक्षात.”

इतके हिवाळे या गाडीत घातले. मी पेट्रोलचा विचार केला, ठिणगीचा, उष्णतेचा, स्वतःच्या पोटाचा. पट्टासुद्धा लावला. पण शेजारी बसवायचं म्हणजे गप्प बसणारं काहीतरी बसवायचं, हे कधी ठरलं माझं? आणि वाईट याचं वाटत होतं, की फारसं वाईट वाटत नव्हतं. उलट आत कुठेतरी एक नट सैल होऊन सुखाने फिरत होता. हिलरी चिडली नव्हती. ती डॅशबोर्डावरची बटणं एकेक दाबून बघत होती.

“तू बस बघू इकडे,” ती उठत म्हणाली.

डाव्या सीटवर तो आजवर बसलाच नव्हता. बसला. टण्. हिलरी पलीकडून फिरून स्टिअरिंगमागे शिरली.

“मग हिला कुठे ठेवायची?” त्याने खाली टॉवेलकडे बोट केलं.

“सध्या मांडीवर घे.”

तो बाहेर वाकला, बॅटरी उचलून घेतली. थंड, चौकोनी, एखाद्या नाराज मांजराएवढी जड. बोटातली लाल टोपी काढून त्याने प्लसच्या टोकावर बसवली, आणि मग दोघांवरून, स्वतःवरून आणि बॅटरीवरून, पट्टा ओढून घेतला. इथून सगळं वेगळंच दिसत होतं: उघड्या दारातून ग्लिनचं कुंपण, त्यामागे टेकडी, आणि रस्ता, जो उजवीकडून कधी एवढा जवळ वाटला नव्हता. शनिवारपर्यंत जागा सापडेल की नाही, कोण जाणे. हिलरीने दोन्ही हातांनी चाक धरलं, पुढे बघितलं, आणि ओठ मिटून, अगदी हळू, इंजिनाचा आवाज काढायला लागली. त्याला वाटायचं, हे आपण एकटेच करतो.

नेव्हिलने डाव्या हाताने दाराची कड धरली.

“जरा हळू घे,” तो म्हणाला.