पिवळी हाक

"हाऽऽ हो! हाऽऽ हो!"

ज्वारीतल्या माळ्यावरून शेवंताताईची हाक यायची, तेव्हा कोवळं ऊन कणसाकणसांवरून निथळत असायचं. गोफण गरगरायची, पाखरांचा पदर आभाळभर फडफडायचा. किती वर्षं लोटली! ताई लांबच्या गावी नांदायला गेली, आणि धाकट्या द्वारकेच्या कानात ती हाक तेवढी उरली. कुणाला न सांगितलेली, कुणाला न दिलेली, एकटीची.

आज पौषातली सकाळ. शाळेच्या कौलांमधून किरणांच्या सोनसळ्या वर्गात उतरलेल्या. गुरवबाईंनी मुलींची चित्रं भिंतीवर टांगली होती. ना झाड, ना घर, ना माणूस; नुसते रंग, रंगांचे श्वास, रंगांचे उमाळे. प्रत्येकीनं दुसरीच्या रंगांवर दोन ओळी रचायच्या. मग बाई चित्रकर्तीला विचारायच्या, "उतरलं का गं?" ती 'उतरलं' म्हणाली, तरच कविता चित्राखाली चिकटायची.

द्वारकेचं चित्र कृष्णवर्ण, मेघगर्भ, मौनगंभीर. मधोमध एकच पिवळी रेघ, विजेसारखी चिरत गेलेली; भोवती उधळलेले करडे ठिपके.

ते आलं मृण्मयीच्या वाट्याला. बदलून आलेल्या साहेबांची लेक, दिवाळीनंतर पुण्याहून आलेली. ज्वारी तिनं ताटातच पाहिलेली. उभी राहून ती हलकेच म्हणाली:

काळ्याभोर रानावर पिवळी हाक कुणी दिली,
पाखरं उडाली सारी, हाक तेवढी राहिली.

वर्गात मग टाळ्याच टाळ्या.

"द्वारके," शेजारची कमळी कुजबुजली, "पीठ तू मळलंस, भाकरी तिची फुगली की गं!"

पण टाळ्या नव्हत्या टोचत. टोचत होतं निराळंच. जी हाक उशाशी घेऊन आपण निजलो, आसवांनी भिजवून जपली, ती या परकीला ऐकू यावी? न मागता, न रडता? द्वारकेच्या उरात ओल्या गोवरीसारखी असूया धुमसू लागली. ज्वाळा नाही, नुसता धूर. डोळ्यांत धूर, कंठात धूर, शब्दांत धूर.

"उतरलं का गं?" बाईंनी विचारलं.

"नाही, बाई. हाकबिक काही नाही त्यात. उगं काहीतरी लिहिलंय."

मृण्मयीचा चेहरा उन्हात ठेवलेल्या फुलासारखा मलूल झाला. ती कागदाची घडी घालू लागली. घडीवर घडी, घडीवर घडी.

"चुकलंच माझं," ती पुटपुटली. "मला वाटलं, तुलाही कुणाची तरी आठवण येत असेल. मला इथे सारखी येते ना, तशी."

ऊन सरकलं, भिंतीवर चढलं. काळोखातली रेघ लखलखून उठली. आणि उरातला धूर डोळ्यांवाटे वाहू लागला.

द्वारका उठली. मृण्मयीच्या हातातून तिनं कागद घेतला, एकेक घडी उलगडत नेली, तळव्यानं सारखी केली.

"उतरलंय, बाई. सगळं उतरलंय." मग मृण्मयीकडे वळून, अगदी हळू: "खोटं बोलले गं मी. माझ्या ताईची हाक आहे ती. माझ्या एकटीची होती… तुला ऐकू आली, म्हणून जळले."