साखरेच्या डब्यातली किल्ली

मास्तरांच्या थोरल्या मुलीचे लग्न झाले, त्या वर्षी ही मोटार घरात आली आणि तिच्याबरोबर मी आले. मी मोटारीची एक जुनी किल्ली आहे, मित्रांनो. दात झिजले आहेत. आता माझ्याने फारसे काही होत नाही, पण सांगण्यासारखे थोडे आहे, तेवढे सांगते.

माझ्या काळ्या डोक्यात तिळाएवढी चिप आहे. मी फिरले की गाडी आधी त्या चिपला ओळखते, मगच इंजिन सुरू होते. नुसते दात जुळून भागत नाही. माझी जुळी बहीण एकदा गटारात पडली ती गेलीच. तेव्हापासून सगळा भार माझ्यावर.

मास्तर म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर. दुकानदार, डॉक्टर, सासवा-सुना, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. बायको तेवढी राहिली. सगळे तिला काकू म्हणत. "हिला शिकवायला गेलो तर मलाच शिकायची वेळ येईल," असे मास्तर म्हणत. रोज शर्टाच्या टोकाने मला पुसत. ते दिवस बरे होते.

मग त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी गाडी सोडायला सांगितले. मास्तरांनी डॉक्टर सोडला. एक दिवस ते फाटकाचा खांब पाडून आले.

"खांब मध्ये आला," ते म्हणाले.

"मी या घरात आले तेव्हापासून तिथेच उभा होता तो," काकू म्हणाल्या. "उद्या एखादं पोर मध्ये येईल."

दुपारी मास्तरांचा डोळा लागला, तेव्हा काकूंनी मला खुंटीवरून काढले आणि साखरेच्या डब्यात खोल खुपसले. मास्तरांना साखर बंद होती. त्या डब्याकडे ते फिरकणार नाहीत, असा काकूंचा हिशेब.

मास्तरांनी घर उपसले. गाद्या उलटल्या, बूट झटकले. काकूही चेहऱ्यावरची रेष न हलवता पलंगाखाली वाकून बघत होत्या. शेवटी मास्तर पायरीवर बसले.

"खुंटीलाच अडकवली होती ना गं मी?"

"मला काय माहीत?"

"डोळ्यांचं एवढं काही वाटलं नव्हतं. आता डोकंही चाललं बहुतेक."

काकूंनी आत येऊन डब्याचे झाकण उघडले. माझ्याकडे बघितले. पुन्हा लावले.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाला आला. या गाडीच्या दारावर आकड्यांची बटणे आहेत. ठरलेले आकडे दाबले की दार किल्लीवाचून उघडते. "आकडे आठवतात का, मास्तर? नाहीतर गाडीच्या पोटातून शोधून काढावे लागतील." मास्तरांनी न बघता बोटे चालवली. दार उघडले.

"डोकं तर शाबूत आहे तुमचं. मग किल्ली कशी हरवली?"

किल्लीवाल्याने आपले यंत्र जोडले आणि घराकडे तोंड करून म्हणाला, "काकू, जुनी किल्ली कुठे असेल तर आत्ताच आणा. नवीन किल्ली ओळखायला शिकवताना जी समोर नसते, तिला ही गाडी विसरते. मग ती कधीच चालत नाही."

काकूंचा हात डब्यावर होता. मी आत वाट बघत होते. झाकण उघडले नाही. माझे कामाचे आयुष्य तिथे संपले. रागवू तरी कुणावर? काकूंनी मला लपवले ते माणूस वाचवायलाच.

पुढे दोन दिवसांनी काकू शेजारी गेल्या, तेव्हा मास्तर चोरपावलांनी स्वयंपाकघरात आले. चिमूटभर साखरेसाठी डब्यात घातलेली बोटे माझ्यावर आपटली. डोळ्यांना नसेल दिसत, पण त्या बोटांनी मला लगेच ओळखले. राग येईल असे मला वाटले होते. ते हळूच स्वतःशी म्हणाले, "म्हणजे डोकं जागेवर आहे."

मग खिशातली नवी किल्ली काढून त्यांनी माझ्या शेजारी पुरली आणि वरून साखर सारखी केली.

संध्याकाळी काकूंचा चमचा दोन किल्ल्यांवर वाजला.

"साखर कुणी खाल्ली?" त्यांनी विचारले.

"किल्ली कुणी खाल्ली?" मास्तरांनी विचारले.

चहा उकळून उतू गेला. मग मास्तर उठले. "चल, बस गाडीत. डाव्या पायाखाली क्लच असतो, तेवढं तरी ठाऊक आहे ना?"

काकू शिकल्या. मास्तर शेजारी बसून ओरडत आणि त्या सवडीने ऐकत. मी पुन्हा खुंटीवर आले. अजून माझ्याने दार उघडते, पण इंजिन मला ओळखत नाही. कुणी चुकून मला उचलले, तर गाडी गप्प बसते आणि मी परत जागेवर येते. दमले आहे आता.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या हातून काही काढून घ्यायचे असेल, तर समोर बसून मागा. भांडण होईल, होऊ द्या. लपवलेली वस्तू कधीतरी सापडते, पण तोवर ते माणूस स्वतःलाच हरवलेले समजू लागते.

धाकट्या मुलीला मुलगा झाला, त्या वर्षीच्या थंडीत मास्तर वारले. दवाखान्यात त्यांना काकूंनीच नेले होते, स्वतः गाडी चालवत.