सात मिनिटांचा सूर

आईने कागद हातात घेतला, उलटून पाठची बाजू पाहिली आणि विचारलं, "एवढंच?"

"एवढंच," मुलगी म्हणाली. "पण सलग सात मिनिटं. सगळं गाणं तुझ्यावर उभं आहे."

हे शेवटचं वाक्य तिने आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं.

आठ गळ्यांचा हा चमू चारशे वर्षांपूर्वीचीच गाणी गायचा, तीही वाद्याशिवाय, आणि जुन्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाच्या हातात फक्त आपापल्या ओळीचा कागद असायचा. कोणाच्या ताटात काय वाढलंय, ते शेजाऱ्याला दिसायचं नाही. आई इथे एकतीस वर्षं गात होती, सगळे तिला काकू म्हणत. यंदा पहिल्यांदाच चमूने नवी रचना लिहून घ्यायचं ठरवलं आणि ते काम मुलीच्या पदरात पडलं. पण सोबत संचालकांची, म्हणजे पाठीमागे ज्यांना सगळे हेडमास्तर म्हणत त्यांची, एक अटही आली. काकूंचा गळा आता वळत नाही, त्यांना झेपेल असंच लिही. मुलीने आईला एक सूर लिहिला. बाकीच्या सातांनी त्याच्याभोवती चढायचं, उतरायचं, मुरडायचं. आईने जागचं हलायचं नाही.

तालमीत हेडमास्तरांनी सूर दिला, गाणं सुरू झालं. तिसऱ्या मिनिटाला काहीतरी खुपायला लागलं. पाचव्याला तर दाताखाली खडा यावा तसं झालं. हेडमास्तरांनी हात वर केला.

"काकू, तुमचा सूर चढतोय."

"नाही चढत."

"सात जण एकीकडे आणि तुम्ही एकीकडे. सातही जण चुकतात का?"

कोणीतरी हसलं. पुन्हा गायले, पुन्हा तोच खडा. मुलीने पर्समधून नेमका सूर देणारा ट्यूनिंग फोर्क काढला, गुडघ्यावर आपटून कानाशी नेला. आई केसभरही हलली नव्हती. वाद्याचा आधार नसला की गाणारे थोडे थोडे उतरत जातात, सगळे मिळून उतरतात, म्हणून कोणाच्याच लक्षात येत नाही. हे सातही जण तसेच घसरले होते, आणि त्यांच्याबरोबर हेडमास्तरांचा कानही.

"तूच सांग," ते तिच्याकडे वळले. "गाणं तुझं आहे."

आई तिच्याकडे बघत राहिली. एका वाक्यात सांगून टाकता आलं असतं. पण अशा एका कामासाठी मुलीने सहा वर्षं उंबरठे झिजवले होते, कार्यक्रम दोन आठवड्यांवर आला होता, आणि चारचौघांत तोंडघशी पाडलेलं हेडमास्तर जन्मात विसरत नसत. तिने फोर्क मुठीत दाबला.

"आई, जरा... बाकीच्यांचं ऐकून धर ना."

आईने मान डोलावली. तिसऱ्या खेपेला ती सगळ्यांबरोबर हळूहळू खाली आली. कुठेही खुपलं नाही. हेडमास्तरांनी स्वतः टाळ्या वाजवल्या. मुलीला स्वतःची किळस आली, तरी ती हसली.

चहाच्या सुट्टीत आई कोट घालून जिन्यापाशी उभी होती.

"खरं सांग, मी चढले होते?"

"नाही."

आईने डोळे मिटून सुस्कारा टाकला. "बरं झालं बाई. मला वाटलं, गळ्यापाठोपाठ कानही गेला."

"मग निघालीस कुठे? आई, ऐक ना, कार्यक्रम झाला की मी त्यांना सगळं..."

"कान गेला असता तर राहिले असते गं. सगळ्यांचं ऐकून धरलं असतं, आणि मला कळलंही नसतं." आईने कोटाचं वरचं बटण लावलं. "जा तू. तुला बोलावतायत."

आत हेडमास्तर खरोखरच हाका मारत होते.

"काकू गेल्या? असू दे. त्यांच्या ओळीशिवाय चालेल ना गं?"

"चालेल," ती म्हणाली.

सात जण गायला लागले. आता अडवणारं कोणी नव्हतं. गाणं बिनघोर खाली खाली गेलं आणि शेवटपर्यंत गोड लागलं.